एका गाण्याचे पाणी

काशिनाथ तात्या पाणी हंड्याने मोजत नसत, गाण्याने मोजत. पारनेर तालुक्यातील आमच्या गावी उन्हाळ्यात एकच सार्वजनिक नळ चाले; त्याची तोटी तात्यांच्या हाती. तेथे घरच्या मुलाने 'साळू गेली ओढ्याला, पाणी पाजी घोड्याला' हे जुने गाणे अथपासून इतिपर्यंत म्हणावे. गाणे संपताच तात्या तोटी बंद करीत. पाटलांची माडी असो वा बौद्धवस्तीतील खोली, गाणे तेच. सबब नळावर भांडण कसले ते ठाऊक नव्हते.

लबाडी मात्र होती. चार वर्षांची सुमी ओळीओळीला थांबून श्वास घेई. म्हणून जो तो तिला गूळ देऊन आपल्या घरची म्हणून उभी करी. आमच्या कुटुंबानेही केली.

"आज तिसऱ्या घरची झालीस व्हय गं?" तात्या विचारीत. "गूळ लई खाऊ नगं, दात पडत्याल!"

पुढे पाण्याच्या नियोजनासाठी हिवरे बाजारचे नाव पेपरात येऊ लागले, तशी आमच्या पंचायतीलाही सुधारणेची हौस आली. नळावर घड्याळ लावून घरटी पाच मिनिटे द्यावीत, असा ठराव झाला. दुसऱ्याच दिवशी तात्या तहसील कचेरीसमोर माझ्या अर्ज लिहिण्याच्या टेबलाशी हजर.

"अर्ज लिवा, भाऊसाहेब. घड्याळ नगं म्हनावं."

"कारण?"

"तीस वर्सं घड्याळ बघून शुगर फॅक्टरीचा भोंगा वाजवला म्या. घड्याळाला मानूस कळत न्हाई."

"हे कारण टिकणारे नाही," मी कायदेशीर इशारा दिला. "समक्ष पाहणी करावी लागेल."

त्या सायंकाळी मी नळावर गेलो. तात्यांची पाळी सर्वांत शेवटी. त्यांच्या घरी मूल नाही. म्हणून सगळीच पोरे त्यांच्यासाठी गाऊ लागली. एकट्या माणसाची कळशी ती. दुसऱ्या कडव्यालाच भरली. तात्यांनी तोटी बंद केली आणि ओट्यावर डोळे मिटून बसले. पोरे गातच होती.

"तात्या, कळशी भरली."

"व्हय की. गानं हुंद्या."

गाणे संपले, पोरे पांगली. तात्यांनी कळशी उचलली नाही.

"भाऊसाहेब, घड्याळ बसल्यावर ही पोरं थांबत्याल का वं?"

अर्जासाठी समन्यायी वाटप, पाण्याची बचत, गावाचा सलोखा अशी सात कलमे मी मनात जुळवून आणली होती. सातही खरी होती, सातही पुढे लिहिली. परंतु ओट्यावर कागद पसरून पहिले कलम मी निराळेच घातले : अर्जदार घरी एकटा राहतो.