गायधनीकाकूंची ओरडण्याची परीक्षा

खोलीची किल्ली देण्याआधी घरमालकीण भाडेकरूला गच्चीवर नेऊन ओरडायला लावते, हे मी नाशिकला शिकायला येईपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंदिरानगरात गायधनीकाकूंच्या बंगलीतल्या वरच्या दोन खोल्या कॉलेजच्या मुलींसाठी होत्या. खाली काकू एकट्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझे वडील, आमचे आण्णा, मला सोडायला आले, चहा प्यायले आणि दिंडोरीकडच्या आमच्या गावाला, टोमॅटोच्या वावरात परत निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "येक जरी भानगड कानावर आली ना, दुसऱ्या दिवशी घरी. मंग शिक्षण बंद."

ते फाटकाबाहेर पडले आणि काकूंनी मला गच्चीवर नेलं.

"हं, ओरड."

"काय ओरडू?"

"काहीही. पण पोटातून!"

मी "ए" म्हणाले. कठड्यावरची चिमणीसुद्धा उडाली नाही.

"ही उचकी झाली," काकू म्हणाल्या. "किल्ली नाही मिळायची."

त्यांचं खरं होतं. 'पोरीच्या जातीनं हळू बोलावं' हे ऐकत मी वाढले, आणि आता ही बाई म्हणते, पोटातून! चार दिवस मी किल्लीविना काढले. घरात शिरायचं तर फाटकातून हाक मारायची, आणि ती स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली तरच दार उघडायचं. पाचव्या दिवशी भुकेनं जीव कासावीस झाला आणि माझ्या तोंडून अशी काही हाक निघाली की समोरच्या शिर्केवहिनी लाटणं घेऊन बाहेर आल्या. काकूंनी कमरेची किल्ली काढून दिली आणि वर शिरा खायला घातला.

पण शिकवणी तिथं संपली नाही. रिक्षात बसताना नंबर मोठ्यानं वाचायचा, रिक्षावाल्याला ऐकू जाईल असा. द्वारका चौकातल्या गर्दीत छत्री आडवी धरायची, ऊन असो वा नसो. पत्ता विचारणाऱ्याला चार हातांवरून उत्तर द्यायचं. माझी खोलीसोबतीण छत्रीपायी कॉलेजात 'आजीबाई' म्हणून प्रसिद्ध झाली होती. तरी छत्री सोडायची तिची हिंमत नव्हती.

आणि सगळ्यात मोठा धडा शेवटी. "'वाचवा' ओरडलीस तर काय होईल?"

"लोक येतील."

"लोक दारं लावून घेतील! कोण नसत्या भानगडीत पडतंय? आपल्या गल्लीत एकाच हाकेला माणसं धावतात. 'टँकर आला!' पण ही हाक सरावाला मारायची नाही हं. अगदीच वेळ आली तर."

मी मनातल्या मनात खूप हसले. आमच्या गल्लीत नळाला तेव्हा जेमतेम धार असायची आणि टँकर कधी येईल याचा नेम नसे, हे खरं. पण म्हणून टँकर?

उन्हाळ्याच्या तोंडावर एक मोटरसायकलवाला बसस्टॉपपासून माझ्या मागं यायला लागला. हळूहळू, गाडी जवळजवळ ढकलतच. चार दिवस मी कुणालाही काही सांगितलं नाही. काकूंनासुद्धा नाही. काकू आण्णांना कळवतील, आण्णा न्यायला येतील, आणि माझं कॉलेज संपेल, या भीतीपुढे तो माणूस मला लहान वाटत होता.

पाचव्या दिवशी भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, त्यानं गाडी आडवी घातली आणि माझं मनगट धरलं.

"टँकर आलाऽऽ!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. पुढच्या क्षणी धडाधड दारं उघडली. हंडे, कळश्या, बादल्या, घमेली, सगळी गल्ली रस्त्यावर. मोटरसायकल हंड्यांच्या मधोमध अडकली. शिर्केवहिनींनी आधी "कुठाय टँकर?" विचारलं, मग माझ्या मनगटावरचा हात पाहिला आणि रिकामा हंडा त्याच्या पाठीत घातला. पुढचं काम बाकीच्यांनी केलं. तो गाडी टाकून पळाला. सगळ्यांत शेवटी काकू धावत आल्या, दोन्ही हातांत बादल्या घेऊन. ही हाक ज्यांनी मला शिकवली, त्यासुद्धा पाण्यालाच आल्या होत्या.

गल्ली आठवडाभर हसत होती. ते हसू सातपूरला कामाला जाणाऱ्या आमच्या गावच्या एकाच्या कानावर गेलं, तिथून गावात, आणि रविवारी आण्णा दारात.

"बॅग भर," ते म्हणाले.

मी काकूंकडे पाहिलं. वाटलं, आता ही बाई अख्खं इंदिरानगर हलवणार. पण काकू पलंगाच्या कडेला बसल्या आणि इतक्या हळू बोलल्या की आण्णांना पुढे वाकावं लागलं.

"मी पुण्याला शिकत होते. एक जण रोज मागं यायचा. मी घरी खरं सांगितलं. वडील येऊन घेऊन गेले, महिन्याच्या आत लग्न लावलं. त्या माणसाचं काही बिघडलं नाही. कॉलेज माझं सुटलं. हिनं तुम्हाला का सांगितलं नसेल, कळलं ना?"

आण्णांनी माझी बॅग स्वतः पलंगाखाली सरकवली. "काय झालं तं मला सांगत जाय," ते म्हणाले. "मी नेनार नाय तुला." मला तिथंच रडू फुटलं.

संध्याकाळी काकू वर आल्या. कधी नव्हे ते दार वाजवून. टेबलावरचं माझं वनस्पतिशास्त्राचं पुस्तक त्यांनी उघडलं, दोन-चार पानं चाळली.

"माझाही हाच विषय होता," त्या म्हणाल्या. "पहिली सहामाही झाली होती. दुसऱ्या सहामाहीत काय शिकवतात गं?"

मी त्यांना खुर्ची दिली आणि दुसऱ्या सहामाहीचा पहिला धडा काढला.