दाढ आणि तरंगती बेटं

मोजणीदार दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवे झाले, तेव्हा त्यांनी वाचायला घेतलेल्या नव्या कादंबरीचं फक्त शेवटचं प्रकरण उरलं होतं. दाढ भरून घेतल्याचं बक्षीस म्हणून ते त्यांनी संध्याकाळसाठी जपून ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाईंची एक पद्धत होती. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबला की त्या गोष्ट सांगत. "दुखलं तर हात वर करा हं, काका. परवाच एक कादंबरी हाती लागलीय, वाचाच! सगळा देश तरंगत्या बेटांचा. बेटं दोरांनी बांधलेली. आणि लग्न कुणाशी, तर ज्याचं बेट आपल्या बेटाला भिडेल त्याच्याशीच!"

तीच कादंबरी! मोजणीदारांचा जीव सुपाएवढा झाला. त्यातल्या भरती-ओहोटीचं गणित त्यांनी स्वतः मांडून पाहिलं होतं. कुठे वीतभर चूक नव्हती.

"आणि ती दोर वळणारी पोरगी न् तो नावाडी! काय प्रेम हो! शेवटी ना..."

मोजणीदारांनी झटकन हात वर केला.

"दुखलं?" बाईंनी भुलीची आणखी एक सुई टोचली. "तिकडे लक्षच देऊ नका. तर शेवटी..."

पुन्हा हात. पुन्हा सुई. मग दोन्ही हात वर झाले.

"अगंबाई, फारच हळवी दाढ!"

आधी जबडा गेला, मग ओठ, मग जीभ.

"शेवटी नावाडी दोर कापतो आणि बेटं कायमची दुरावतात."

मोजणीदारांनी डोळे मिटले. संपलं सगळं.

"झालं, उठा! खरं सांगू का, माझी निम्मीच वाचून झालीय. शेवट आपला अंदाजाने. अर्ध्या गोष्टीवर पेशंटला उठवणं बरं दिसत नाही."

मोजणीदारांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात दार उघडलं. बाहेर बसलेल्या त्यांच्या बायकोनं ती कादंबरी कधीच संपवली होती आणि आठवडाभर घरात शेवटाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पण पातळ दारातून ऐकू आलेला हा अंदाज काही तिला सोसवला नाही.

"काहीतरीच काय, डॉक्टर! तो कशाला कापेल? तीच कापते, स्वतः वळलेला दोर! म्हणून तर तिचं बेट वाहत जाऊन त्याच्या बेटाला भिडतं!"

मग बायकोनं तोंडावर हात ठेवला.

"माझी दोनशे पानं राहिली होती हो," बाई पुटपुटल्या.

मोजणीदारांची सोळाच राहिली होती, पण ते सांगायला जीभ जाग्यावर नव्हती.

संध्याकाळी ते तरीही वाचायला बसले. दोर कापला जाणार हे ठाऊक होतं. पण कापण्याआधी ती दोराची एकेक गाठ चाचपते, हे बायकोनं सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"दुखतंय का हो?" बायकोनं विचारलं.

"हो," मोजणीदार म्हणाले. "भूल उतरतेय वाटतं. तू जा." आणि तेच पान त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.