मार्चअखेरचा भाव

पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे आणखी शेअर घ्यावेत काय, आणि घ्यावेत तर नेमके केव्हा, हा विषय श्रीपादरावांच्या घरी गेल्या जूनपासून विचाराधीन होता. श्रीपादराव नांदेडच्या एका सरकारी कचेरीच्या लेखा शाखेतून नुकतेच निवृत्त झाले होते. उभ्या नोकरीत त्यांचा एकही निर्णय चुकला नव्हता, कारण निर्णय घेण्याचे पाप त्यांनी कधी केलेच नव्हते. ते फक्त टिपणी सादर करीत.

'आणखी' म्हणायचे कारण असे, की त्या कंपनीचे थोडे शेअर त्यांच्याकडे आधीच होते. माहूरच्या घाटात एसटीने हिसका दिला, मोबाइलवर अंगठा पडला आणि खरेदी होऊन गेली. वर्षभरात ते शेअर दीडपट झाले. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. श्रीपादरावांनी स्वतःचाच लेखी खुलासा मागवला आणि 'सक्षम मान्यतेशिवाय नफा झाला, पुन्हा असे होणार नाही' असे लिहून दिले.

आता मात्र काम रीतसर व्हायचे होते. पैसे त्यांच्या पत्नी गोदावरीबाईंच्या भिशीचे होते. त्यांना त्यातून एसी हवा होता. नांदेडच्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली झोपणाऱ्याला तव्यावरच्या भाकरीचे दुःख कळते, आणि बाई ते किती वर्षे सोसत आल्या होत्या.

"यंदा थांब," श्रीपादराव म्हणाले. "पैसे पंपात घालू. नफ्यातून एसी येईल आणि मुद्दल शाबूत राहील."

"थांबते. पण मार्चअखेरपर्यंत घेतले नाहीत, तर एक एप्रिलला मी दुकानात जाईन. तुमच्याच कचेरीचा नियम आहे, खर्च नाही झाला की पैसा परत."

श्रीपादरावांना अट फार आवडली. इतकी नियमात बसणारी बायको मिळायला भाग्य लागते, असे त्यांना मनापासून वाटले.

नियमाप्रमाणे पहिल्यांदा तीन दरपत्रके मागवायची होती. त्यांनी गावातल्या तीन दलालांना पत्रे दिली. तिघांनीही एकच दर कळवला, पैशापर्यंत तोच. श्रीपादराव चरकले. असे दर त्यांनी नोकरीत खूप पाहिले होते आणि त्यामागचे साटेलोटेही पाहिले होते. ते तडक त्या तिघांपैकी बसवंत दलालाच्या दुकानात गेले.

"तिघांचा दर सारखा कसा?"

"सायेब, भाव बाजार ठरवते. म्या न्हाई."

"तिघं मिळून बसला होतात, कबूल करा."

"आवो, ह्यो काय वांग्याचा भाव हाय का? मुंबईत जे चालून राहिलं तेच इथं दिसतंय. आन् घेता का आता? लई चांगला भाव हाय."

विक्रेता स्वतःच आग्रह करतो, म्हणजे संशयाला जागा आहे, असा शेरा मारून श्रीपादरावांनी तिन्ही दरपत्रके रद्द केली. फेरदरपत्रके येईस्तोवर गणपती बसून उठलेही. दर पुन्हा सारखेच निघाले, फक्त चढलेले.

मग तांत्रिक मान्यतेसाठी प्रस्ताव लातूरला गेला. तिथे त्यांचा मुलगा मिहिर एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होता. त्याने फोन केला.

"बाबा, कंपनी चांगली आहे ना? मग दर महिन्याला थोडे थोडे घ्या. भावाचं डोकं खाऊच नका."

"थोडे थोडे?" श्रीपादराव खुर्चीतून उठलेच. "अरे, एका कामाचे तुकडे पाडून टेंडर टाळलं, असा आक्षेप निघतो ऑडिटला!"

"तुमचं ऑडिट कोण करणार आहे, बाबा?"

श्रीपादरावांनी फोन ठेवला, प्रस्तावावर 'कृपया चर्चा करावी' असे लिहिले आणि स्वतःशी चर्चा सुरू केली.

जानेवारीत बाजार कोसळला. पंपाचा शेअर जूनच्याही खाली आला. बसवंत सकाळी दारात हजर झाला. "सायेब, घ्या आता. असा मौका पुन्हा न्हाई."

श्रीपादराव गंभीर झाले. दरपत्रकातल्या दरापेक्षा इतका कमी दर आला, म्हणजे माल निकृष्ट असणार. दर कमी का झाला, याचा खुलासा त्यांनी कंपनीकडे मागवला. कंपनीचे उत्तर आले नाही. भाव मात्र चढत चढत पार गगनाला भिडला.

मार्च उजाडला तशा गोदावरीबाई खुलल्या. दुकानात जाऊन त्यांनी एसी पसंतही केला. श्रीपादरावांची झोप उडाली. निधी अखर्चित राहणार! आयुष्यात त्यांच्या शाखेचा एक पैसा परत गेला नव्हता. एकतीस मार्चला कचेरीत गरज असो नसो, खुर्च्या येत, कपाटे येत, एकदा तर पाच सरकते जिने आले होते, आणि सगळ्यांची बिले त्यांनी संध्याकाळच्या आत काढली होती.

एकतीस मार्चला बाजार बंद व्हायला थोडा वेळ उरला असताना ते धापा टाकत बसवंतकडे पोचले.

"सगळ्या पैशाचे घ्या!"

"सायेब, आज? वर्षातला सगळ्यात म्हाग भाव हाय आज!"

"भावाचं नंतर बघू. आधी खर्ची टाका."

खरेदी झाली. श्रीपादराव घामाघूम पण कृतार्थ चेहऱ्याने घरी आले. गोदावरीबाईंनी दुकानदाराला फोन करून एसी नको म्हणून सांगितले.

मे महिन्यात शेअर निम्म्यावर आला. बसवंतने फोन केला, "सायेब, आता खरी घ्यायची वेळ हाय." श्रीपादराव म्हणाले, वेळ योग्य आहे, निधी नाही.

त्या दुपारी गोदावरीबाई ओली चादर पांघरून फरशीवर पडल्या होत्या. श्रीपादराव शेजारी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होते. त्यांना खरोखर वाईट वाटत होते.

"एक सांगा," बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "मी एसी घेतला असता तर कोणता आक्षेप निघाला असता हो?"

श्रीपादरावांनी पुष्कळ विचार केला. आक्षेप सापडेना. ते जोरात वारा घालू लागले.

तुम्हाला हसू आले असेल. हसा. पण ती कंपनी कोणती, निम्म्यावर आलाय तर आता घ्यावा का, की अजून थोडा पडू द्यावा, हे वाचता वाचता तुमच्या मनात आले की नाही? आले असेल तर गोदावरीबाईंचा निरोप आहे: भाव मागाहून विचारा, आधी घरात विचारा, उकडतंय कुणाला.