अज्ञानांची तक्रार

शाळेचं मैदान सभागृह बांधण्यासाठी कंत्राटदाराच्या ताब्यात गेलं आणि कवायतीचे सर रिकामे झाले. कोणताही शिक्षक रिकामा राहू नये, असा नियम होता. कोणताही विषय तो येणाऱ्यानेच शिकवावा, असा नियम मात्र नव्हता. त्यामुळे ‘नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना व्यवहारातल्या आणि घरगुती आयुष्यातल्या कायद्याची तोंडओळख करून द्यावी’ असं परिपत्रक वरून आलं, तेव्हा मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, फार विचार करावा लागला नाही. त्यांनी वेळापत्रक पुढे ओढलं. नवा विषय सरांच्या मोकळ्या तासांत चपखल बसला.

सरांना अख्खी शाळा सावधान सर म्हणायची. आडवा बांधा, छातीवर शिट्टी, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा ताठ व्हायची. कायद्याशी त्यांचा आजवरचा संबंध एवढाच, की वरच्याने सांगितलं ते करायचं आणि खालच्याकडून करून घ्यायचं.

“बाई, मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही,” ते म्हणाले.

“तेच बरं आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “कळणाऱ्याने शिकवलं की फाटे फुटतात. पुस्तक आहे. पुस्तकाबाहेर जायचं नाही, की झालं.”

सर आज्ञाधारक होते. त्यांनी पुस्तक घरी नेलं आणि जोर-बैठका काढाव्यात तशा व्याख्या काढल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते बायकोला म्हणाले, “प्रस्ताव, स्वीकृती आणि मोबदला. या तीन गोष्टी असल्या की करार झाला. म्हणजे बघ, आपलं लग्नसुद्धा एका अर्थी करारच.”

“प्रस्ताव झाला होता, स्वीकृतीही झाली होती,” बायको भांडं विसळत म्हणाली. “मोबदल्याची वाट बघतेय.”

वर्गात सरांनी कायदा त्यांना येत होता तसा, म्हणजे कवायतीसारखा शिकवला. प्रस्ताव म्हटलं की उजवा हात पुढे. स्वीकृती म्हटलं की समोरच्याने तो धरायचा. मोबदला म्हटलं की डावा तळवा पसरायचा. फसवणूक म्हटलं की सगळ्यांनी पाठमोरं व्हायचं. मुलांना असा तास आयुष्यात मिळाला नव्हता. ज्यांना पाढे येत नव्हते, त्यांना ‘मुक्त संमती’ तोंडपाठ झाली. जबरदस्ती, धाक, दिशाभूल यांपैकी काहीही नसताना दिलेली, तीच संमती.

गडबड झाली ती कायदा डोक्यात गेल्यामुळे. तो वहीत राहिला असता तर कोणाचीच हरकत नव्हती.

वारसाहक्काचा धडा झाला त्या संध्याकाळी एका मुलाने जेवताना आजोबांना विचारलं, “आजोबा, तुम्ही मृत्युपत्र केलंय का?” आजोबांनी घास ताटात ठेवला. मुलाच्या दोन्ही काकांनी मात्र आपले घास हातातच धरले, कारण हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षं विचारायचा होता. भाडेकराराच्या धड्यानंतर एका मुलीने घरमालकाकडे भाड्याची पावती मागितली. घरमालक म्हणाला, आमच्याकडे सगळं विश्वासावर चालतं. मुलगी म्हणाली, मग विश्वासाची पावती द्या.

पालक मोठ्या बाईंकडे आले. बाईंनी सरांना बोलावलं.

“उदाहरणं देऊ नका. नुसत्या व्याख्या द्या.”

“उदाहरणं पुस्तकातच आहेत, बाई.”

“मग ती पान न उलटता द्या.”

हे कसं करायचं, ते सरांना समजलं नाही. तरी ते ‘बरं’ म्हणाले. ते नेहमीच ‘बरं’ म्हणत.

दहावीत दुसऱ्या बाकावर एक मुलगी होती. परीक्षेत सगळ्यांच्या आधी ती पुरवणी मागायची, म्हणून तिचं नाव पुरवणी पडलं होतं. तिचे प्रश्नही तसेच, एकाला एक जोडलेले असत. मुक्त संमतीच्या तासाला तिने विचारलं होतं, “सर, मैदान देताना तुमची संमती घेतली होती का?”

“घेतली होती. सगळ्या शिक्षकांच्या सह्या घेतल्या.”

“मुक्त होती का, सर?”

सरांनी फळा पुसायला घेतला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मग मालविक्रीचा धडा आला. विकलेली वस्तू जिच्यासाठी विकली त्या कामाला यायला हवी, असं सरांनी सांगितलं. पुरवणीने पाय बाकावर ठेवला. शाळेच्या काळ्या बुटाचा तळ पुढून उघडला होता आणि आत बोटं दिसत होती.

“सर, ही वस्तू कामाला येते का?”

हे बूट शाळेने ठरवून दिलेल्या एकाच दुकानातून घ्यावे लागत. दुसरे घालून आलेल्याला फाटकातून परत पाठवत. ते दुकान संस्थेच्या अध्यक्षांच्या मेहुण्याचं होतं. पण सरांच्या डोक्यात त्या वेळी अध्यक्ष नव्हते की मेहुणे नव्हते. जन्मभर त्यांनी मुलांच्या पायांकडे बघितलं होतं. त्यांनी बूट हातात घेतला, वाकवला, तर तळ चुरमुऱ्यासारखा मोडला. आत शिवण नव्हतीच, पुठ्ठा होता.

“नाही,” सर म्हणाले. “येत नाही.”

वर्गाने आपापले पाय वर केले. धड्याच्या शेवटी पुस्तकात उपक्रम होता: ‘सदोष वस्तूबाबत तक्रार तयार करून संबंधित कार्यालयास सादर करा.’ मुलांनी तो केला. पुस्तकाबाहेर कोणीही पाऊल टाकलं नाही.

तक्रार घेऊन सर स्वतः ग्राहक कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकून बाईंनी ती वाचली आणि मनापासून दाद दिली. “इतकी मुद्देसूद तक्रार या खिडकीवर आजवर आली नाही. पण घेता येणार नाही. तक्रारदार अज्ञान आहेत.”

“अहो, त्यांना सगळं कळतं.”

“कळून उपयोग नाही. अठराच्या आतले ते अज्ञान, वरचे ते सज्ञान. कोणाही एका सज्ञान पालकाची सही आणा, लगेच दाखल करते.”

सरांना हे फारच सोपं वाटलं. त्यांनी शनिवारी पालकांची सभा बोलावली. पालक आले, मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले. बूट भिकार आहेत, याबद्दल दुमत नव्हतं. एका आईने तर घरात खास गोंद आणून ठेवला होता आणि तो कोणता चांगला हे ती इतरांना सांगत होती. मग सरांनी सहीसाठी कागद पुढे सरकवला.

“धाकटा अजून पाचवीत आहे हो, सर.”

“आमच्या ह्यांना विचारून सांगते.”

“मी स्वतः वकील आहे,” कोपऱ्यातले एक गृहस्थ म्हणाले, “म्हणूनच सांगतो, माणसाने या भानगडीत पडू नये.”

पुरवणीचे वडील बराच वेळ पेन उघडझाक करत होते. “पोरगी हुशार आहे,” ते शेवटी म्हणाले. “पण तिला दाखला याच शाळेतून घ्यायचाय. तुम्ही पुढे व्हा, सर. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत.”

पाठीशी असलेला माणूस पुढून दिसत नाही, ही या व्यवस्थेतली सोय सरांच्या तेव्हा लक्षात आली नाही. उलट त्यांना भरून आलं. घरी जाऊन ते बायकोला म्हणाले, “सगळे पाठीशी आहेत.”

“मग वळून एकदा बघून घ्या,” ती म्हणाली.

पुढे व्हायला एक अडचण होती. सर सज्ञान होते, पण ग्राहक नव्हते. म्हणून ते मेहुण्यांच्या दुकानात गेले आणि आपल्या मापाचे शाळेचे बूट मागितले. एवढा मोठा विद्यार्थी दुकानाने कधी पाहिला नव्हता. जो सर्वांत मोठा जोड निघाला, तो टाच दाबून त्यांनी पायात कोंबला, पावती खिशात घातली आणि शाळेच्या गच्चीवर कवायत करायला सुरुवात केली. तिसऱ्या ‘पीछे मुड’ला उजवा तळ जागेवरच राहिला आणि सर वळले.

तक्रार दाखल झाली. अध्यक्षांनी सरांना चहाला बोलावलं. मोठ्या बाई आणि मेहुणे आधीच बसले होते.

“आमचा कायद्याला संपूर्ण पाठिंबा आहे,” अध्यक्ष म्हणाले. “मुलांना कायदा यायलाच हवा. फक्त तो त्यांनी शाळा सुटल्यावर वापरावा.”

“किती वाजता सुटल्यावर, साहेब?” सरांनी खरोखरच विचारलं.

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. मैदान नाही म्हणजे कवायत नाही, कवायत नाही म्हणजे ते पद अतिरिक्त, हे त्यांनी इतक्या मायेने समजावलं की मोठ्या बाईंचे डोळे पाणावले. “तक्रार मागे घ्या,” बाई म्हणाल्या, “मी तुमच्या भल्यासाठी सांगते.”

सरांनी तोंड उघडलं. ‘बरं’ हा शब्द जिभेवर आलाच होता. पण त्यांना एकदम आठवलं की धाक असताना दिलेली संमती ही संमती नव्हे. हे आपणच शिकवलं, आणि मुलांनी तोंडपाठ केलं. “विचार करतो,” ते म्हणाले. आयुष्यात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच वापरलं.

सुनावणीच्या दिवशी सर इस्त्रीचा सदरा घालून गेले. पालकांसाठी त्यांनी दोन बाकं अडवून ठेवली. एकावर रुमाल, एकावर पिशवी. पुकारा होईपर्यंत ते दाराकडे बघत राहिले.

मेहुण्यांच्या वकिलाने बचाव मांडला. पालकसभेत कोपऱ्यात बसले होते, तेच गृहस्थ. “साहेब, हा चालायचा बूट नाही, गणवेशाचा बूट आहे. तो फक्त पायात असणं अपेक्षित आहे. अर्जदाराने तो घालून चक्क हालचाल केली. हा वस्तूचा गैरवापर आहे.”

अधिकाऱ्यांनी मोडका बूट उलटसुलट पाहिला. “आणखी कोणाची तक्रार आहे?”

“सगळ्यांची आहे, साहेब.”

“कुठे आहेत?”

सर वळले. बाकांवर रुमाल आणि पिशवी होती.

“म्हणजे प्रश्न एकाच पायाचा दिसतो,” अधिकारी सहानुभूतीने म्हणाले. तरी ते न्यायी होते. त्यांनी तक्रार मान्य केली आणि निकाल दिला की दुकानदाराने अर्जदाराला त्याच प्रकारचा, त्याच मापाचा, नवा जोड द्यावा.

संध्याकाळपर्यंत अभिनंदनाचे फोन येत राहिले. पुरवणीच्या वडिलांनीही केला. सत्याचा विजय होतोच, असं ते म्हणाले, आणि आपण येणारच होतो, असंही म्हणाले. पुढच्या सोमवारी सरांचं पद अतिरिक्त ठरलं. त्याच आठवड्यात कायदा उत्तम शिकवल्याबद्दल शाळेला जिल्ह्याचा चषक मिळाला. अध्यक्षांनी तो स्वीकारला. त्यांच्या भाषणात मुलांच्या तक्रारीतले दोन परिच्छेद होते.

शेवटच्या तासाला सरांनी शिट्टी खिशात ठेवली आणि निकाल जसाच्या तसा सांगितला. कोणी हसलं नाही.

पुरवणी उभी राहिली. “सर, आम्ही अज्ञान आहोत म्हणून आमची सही चालत नाही. ज्यांची चालते, ते करत नाहीत.”

“हो.”

“मग अठरा वर्षं पूर्ण झाली की माणसाला नेमकं होतं काय?”

सरांनी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. त्यात तो धडा नव्हता. त्यांनी खडू घेतला, प्रश्न तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिला आणि मुलांना सांगितलं, ज्याला उत्तर माहीत असेल अशा कोणालाही विचारा.

तेव्हा आपणच सांगावं. हे वाचताय म्हणजे आपण बहुधा सज्ञान असालच, आणि त्या मुलांची बाजू आपल्याला पहिल्यापासून पटलेलीही आहे. उत्तर चार ओळींत चालेल. खाली फक्त सही लागेल.