हकीकत पालमच्या वाचनालयातील गुलाबी फीत तोडल्याची

॥ श्रीनृसिंह प्रसन्न ॥

पोखर्णीच्या नृसिंहास दंडवत, वाचनालयाच्या ओट्यावरील समस्त वृत्तपत्रवाचक मंडळीस रामराम, आणि मग हकीकत लिहिली जाते ती ऐसी. सन एकोणीसशे ब्याण्णव, मुलूख परभणी, कसबे पालम, येथील सार्वजनिक वाचनालयात संगणक नामे यंत्र दाखल जाहले आणि त्यावरील गुलाबी फीत तोडावयास जे रण माजले, त्याविषयी लोक नाना प्रकारे बोलतात. कोणी म्हणतो फीत मंत्र्यांनी तोडली, कोणी म्हणतो उंदरांनी कुरतडली. दोन्ही बातम्या खोट्या. खरे काय ते पुढील पिढीस कळावे, म्हणोन हा खटाटोप.

परभणीचे कापसाचे व्यापारी बन्सीधर शेटजी यांचे पेढीवर नवा संगणक आला, तेव्हां जुन्याचे काय करावे ऐसी मसलत पडली, आणि दानधर्मही घडेल व अडगळही जाईल ऐसा दुहेरी विचार करोन शेटजींनी जुना पालमच्या वाचनालयास बक्षीस दिला. तो आणावयास वाचनालयाचे किताबदार, ज्यांस सरकारी भाषेत ग्रंथपाल म्हणतात, ते राजश्री काशीनाथराव खासा निघाले, आणि मग यंत्राचा पेटारा एस.टी.च्या टपावर चढवून, पडद्याचा डबा तेवढा घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरांनी घोंगडी पाहोन आत आजारी लेकरू आहे ऐसे जाणले आणि अर्धे तिकीट फाडले. काशीनाथरावांनी ते मुकाट घेतले, कारण वाद घातल्यास पूर्ण तिकीट पडेल ऐसे भय होते. ते स्वभावाने भित्रे. पुस्तकास धूळ बसली तरी पुस्तकाची परवानगी घेऊन झटकणारे.

या काशीनाथरावांस सरकारने पंधरवडाभर औरंगाबादेस धाडून यंत्रविद्या शिकविली होती. तेथे पडद्यावर मराठी अक्षरे उमटतात आणि एक कळ दाबिली असता अक्षर हवे तेवढे थोर होते, हे पाहोन त्यांस आपली मातोश्री आठवली आणि डोळ्यांस पाणी आले. मातोश्रींचे नाव धुरपताबाई. साक्षरतेच्या मोहिमेत कंदिलाच्या उजेडी म्हातारपणी त्या अक्षरे शिकल्या. परंतु बाराखडी पुरी होते न होते तोच डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला, आणि पुस्तकातील ओळ मुंग्यांची रांग दिसो लागली. शिकण्यामागे त्यांचा मनसुबा एकच. दिवंगत धन्याचे नाव एकवार आपल्या डोळ्यांनी वाचावे. ते नाव त्यांनी लग्नात उखाण्यापुरते घेतले ते घेतले, त्यानंतर उभ्या जन्मात उच्चारिले नाही, आणि लेकाच्या शाळेत बापाचे नाव विचारिले तेव्हांही शेजारच्या कमलबाईंस पुढे करोन सांगविले होते. काशीनाथरावांनी औरंगाबादेहून येताच मातोश्रींस शब्द दिला की, यंत्र येऊ दे, नाव भाकरीएवढे करोन दाखवितो.

परंतु माणूस योजितो एक आणि अध्यक्ष योजितो दुसरे. वाचनालयाचे अध्यक्ष राजश्री अप्पाराव, यांचा दरारा मोठा. सभा असो, बारसे असो की तेरवी, अध्यक्षस्थान त्यांचेच. त्यांनी फर्मान काढिले की, मंत्रीमहोदयांचे हस्ते उद्घाटन होईतों यंत्रास जो कोणी बोट लावील तो वाचनालयाचा गुन्हेगार. आणि मिठाईच्या खोक्यास बांधितात तैसी गुलाबी फीत आडवी-उभी बांधून, गाठ स्वहस्ते मारून, वर फुलही काढिले.

मग मंत्र्यांची वाट पाहणे सुरू जाहले. एकदा अधिवेशन निघाले, एकदा पोट बिघडले, एकदा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तापून रस्ते बंद जाहले, आणि एकदा तर स्वारी येलदरीच्या धरणापर्यंत आली, परंतु तेथे माशांचे जेवण इतके उत्तम पडले की स्वारीस झोप लागली आणि ती तेथूनच माघारी फिरली. दर खेपेस मांडव पडे, हार येत, पेढे येत. हार सुकून जात. पेढे मात्र वृत्तपत्रवाचकांच्या फौजेने प्रत्येक वेळी शर्थ करोन संपविले.

इकडे काशीनाथरावांवर निराळेच संकट गुदरले. विद्या सरावावाचून राहात नाही. ती जाऊ नये म्हणोन त्यांनी घरचा एक पाट घेतला, त्यावर खडूने यंत्राच्या समस्त कळा रेखिल्या, आणि सांजसकाळ त्यावर बोटे नाचवू लागले. तो एके दिवशी मामा तात्याराव जेवावयास आले, आणि घरात पाट थोडे, म्हणोन त्याच पाटावर बसले. जेवण बहुत वेळ चालले. मामा उठले तेव्हां निम्म्या कळा त्यांचे धोतरास लागून गेल्या होत्या, आणि ते तैसेच पालमच्या बाजारातून चालते जाहले. काशीनाथराव काही अंतर मागोमाग वाचीत गेले, परंतु मामा वेगाने चालत. त्या दिवसापासून त्यांची निम्मी विद्या गेली ती गेलीच. यंत्र सुरू कैसे करावे, नाव कैसे मांडावे आणि अक्षर थोर कैसे करावे एवढे उरले. अक्षर लहान करावयाची कळ कोणती, हे साफ विसरले.

मग एके रात्री जेवताना त्यांनी मातोश्रींजवळ कबुली दिली.

"आई, अजून महिनाभर फीत ऱ्हाइली, तर म्या समदंच विसरून जातो बग."

"आन् माझे डोळे काय तवर वाट बगत बसत्यात का?" धुरपताबाई बोलल्या. "आता तुजं त्वांड बी मला धुरकट दिसायलंय."

काशीनाथराव अर्ध्या जेवणावरून उठले. त्या रात्री त्यांनी फीत तोडण्याचा मनसुबा तीन वेळा रचिला आणि तीनही वेळा कूस बदलून मोडिला.

दुसरे दिवशी भर दुपारी, ऊन मी म्हणत असता, धुरपताबाईंची स्वारी वाचनालयावर चालून आली. संगे फौज नाही, नौबत नाही; कमरेस पानसुपारीची चंची आणि चंचीत अडकित्ता. ओट्यावरील वृत्तपत्रवाचकांनी पाय आवरून वाट दिली. बाई थेट यंत्रापुढे उभ्या राहिल्या आणि फीत बोटांनी चाचपली. काशीनाथराव आडवे आले आणि हात जोडून अध्यक्षांचे फर्मान त्यांनी अक्षरशः म्हणून दाखविले.

"मंत्री कशाला पायजे रे?" बाई म्हणाल्या. "सुपारी फोडायला कुनी मंत्री बोलवितं का?"

आणि अडकित्ता उघडून कट् ऐसा आवाज केला. फीत दुखंड होऊन पडली. ओट्यावरील समस्त वृत्तपत्रे एकदम खाली आली, आतल्या पानावरील नाटकाच्या जाहिराती वाचणाराचेही. तोडलेली फीत सांधिता येत नाही हे ध्यानी घेऊन काशीनाथरावांनी पोखर्णीचे दिशेस हात जोडिले आणि खटका दाबिला. यंत्र गुरगुरले, पडदा उजळला, अक्षरे उमटली. मग त्यांनी थोर करावयाची कळ दाबिली, अक्षर वाढले. पुन्हा दाबिली, आणखी वाढले. आणि भीतीने बोट कळेवर राहून गेले, तो एकच अक्षर फुगून अवघा पडदा व्यापून बसले. लहान करणे तर ठाऊक नाही. एक अक्षर वाचावे, कळ दाबावी, मग पुढील अक्षर यावे, ऐसा प्रकार होऊन बसला.

इतक्यात बातमी लागोन अप्पाराव लुनावर बसून दौडत आले.

"काशीनाथ, फीत कुनी तोडली?"

"म्या तोडली, अप्पा," धुरपताबाई म्हणाल्या. "बसा. च्या सांगितलाय."

अप्पारावांनी यंत्र बंद करण्याचा हुकूम द्यावा म्हणोन तोंड उघडिले आणि ते उघडेच राहिले. येथे एक गुपित लिहिणे भाग आहे. अप्पारावांस कित्येक वर्षे वर्तमानपत्र दिसत नसे, आणि अध्यक्षास चष्मा शोभत नाही ऐसी त्यांची समजूत. म्हणोन ते रोज कोणास तरी बोलावून, वाच पाहू, तुझे उच्चार कैसे आहेत ते बघतो, ऐसे म्हणोन सगळा अंक वाचवून घेत. अवघ्या गावाचे उच्चार याच मार्गाने सुधारले. पडद्यावरील थोर अक्षर त्यांनी पाहिले आणि आपसूक तोंडातून निघाले, "अ." काशीनाथरावांस देवाने त्या घडीस अक्कल दिली होती. लुनाचा आवाज ऐकताच त्यांनी अध्यक्षांचे नाव मांडून ठेविले होते. कळ दाबिली, "प्पा." पुन्हा दाबिली, "रा." मागे अध्यक्षपद, संस्थेचे नाव आणि समस्त किताब जोडिलेले, तेणेकरून वाचन संपेतों चहा दोनदा आला. एवढा दीर्घ सत्कार अप्पारावांचा आजवर जाहला नव्हता. फिर्याद विसरून त्यांनी पुन्हा आरंभापासून लावावयास सांगितले.

"जरा सरका आता," धुरपताबाई म्हणाल्या, आणि अध्यक्ष सरकले. पालमच्या इतिहासात हेही प्रथमच घडले.

बाईंनी लेकाकडे नुसते पाहिले. काशीनाथरावांनी डोळे पुसले, नाव मांडिले आणि कळ दाबिली. बाई पडद्याजवळ गेल्या, अक्षरास बोट लाविले आणि वाचिले, "चं." मग थांबल्या. पदर सावरला. "द्र." ओट्यावरील लोक आत येऊन भिंतीस लागून उभे राहिले. "भा." आणि बहुत वेळाने, अगदी हळू, "न."

जिभेवर नाव आलेले पाहोन, गर्दीत येऊन उभ्या राहिलेल्या शेजारच्या कमलबाईंनी तोंडास पदर लाविला. तेव्हां धुरपताबाई वळोन म्हणाल्या, "नाव न्हाई घेतलं म्या. अक्षरं वाचली."

गावच्या शास्त्र्यांसही यात खोट काढिता आली नाही.

दुसरे दिवसापासून दुपारी वाचनालयात बायांची रांग लागली. दगडाबाई आल्या, तानुबाई आल्या, प्रत्येकीपाशी एक एक न घेतलेले नाव. तानुबाईंचे यजमान दिनकरराव तर हयात, आणि तेथेच ओट्यावर शेतमालाचे भाव वाचीत बसलेले. लग्नाला जन्म लोटल्यावर बायकोच्या तोंडून आपले नाव एकेक अक्षराने येत आहे हे ऐकोन त्यांचा चहा धोतरावर सांडला आणि ते सांडलेल्या चहासकट तैसेच बसून राहिले.

पुढे मंत्री एकदाचे आले. तेव्हां फितीचे एक टोक कपाटातून आणि दुसरे धुरपताबाईंच्या चंचीतून मागवून, मधे गाठ मारून, ती पुन्हा तोडविण्यात आली आणि भिंतीवरील पाटीवर मंत्र्यांचेच नाव लागले. असो. पाट्या लागतच असतात. सबब येथे नमूद केले जाते की, पालमच्या यंत्राचा गड धुरपताबाईंनी अडकित्त्यानिशी सर केला, रयत सुखी जाहली, मोहीम फत्ते जाहली. अक्षर लहान करावयाची कळ पुढे काशीनाथरावांस सापडली. ती त्यांनी आजतागायत कोणास दाखविली नाही.