चोपन्न सेकंदांचा लाडू

स्वयंपाकघरातल्या फळीवर, हिंगाच्या डबीशेजारी, एका शुक्रवारी एक काळी डबी येऊन बसली आणि साईनाथ गायकरांनी ठरवलं, तिच्याबद्दल कुणाला काही विचारायचं नाही. विचारलं असतं तर एका मिनिटात उलगडा झाला असता. पण साईनाथराव अंबरनाथच्या एका रंगाच्या कंपनीत एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते, आणि जो माणूस एखाद्या वस्तूची फार चौकशी करतो त्याचीच पिशवी गेटवर आधी तपासायची, हे त्यांचं तत्त्व होतं. (त्या एकतीस वर्षांनी त्यांना आणखी एक देणगी दिली होती. रंगाची भुकटी छातीत जाऊन जाऊन, दम लागला की त्यांच्या छातीतून शिट्टी वाजायची.)

डबी पत्त्यांच्या कॅटएवढी. समोर एक दिवा आणि त्याखाली बारीक काळं भोक. ती आणली चेतननं, म्हणजे त्यांच्या मुलानं. चेतन एमआयडीसीत मशिनांचे कंट्रोलर बनवायचा. शुक्रवार त्याच्या सुट्टीचा, त्यामुळे घरातल्या धडधाकट वस्तू उघडून बघण्याचाही तोच वार.

आता त्या भोकाच्या बरोबर खाली काय होतं? लाडवांचा डबा. दिवाळी होऊन चारच दिवस झाले होते. प्रतिभाताईंनी बेसनाचे चाळीस लाडू वळले होते आणि डॉक्टरांनी साईनाथरावांच्या साखरेचा आकडा पाहून बजावलं होतं, "काका, लाडवाकडे बघायचंसुद्धा नाही." साईनाथरावांनी ते तंतोतंत पाळलं. ते डोळे मिटून खात.

त्याच संध्याकाळी त्यांनी हॉलमध्ये पेपर तोंडासमोर धरून मायलेकांची कुजबुज ऐकली.

"आई, आता यातून काही सुटणार नाही," चेतन म्हणत होता. "फक्त लाईट गेली-आली की हा परत उठायला चोपन्न सेकंद घेतो. तेवढ्यात गेलं ते गेलं."

"चालेल. पण ह्यांना सांगू नकोस हं."

"नाही गं, पप्पांना कशाला सांगू?"

साईनाथरावांनी पेपर आणखी वर धरला. सदतीस वर्षांचा संसार, आणि बायको पोराला हाताशी धरून नवऱ्यावर कॅमेरा लावते! त्यांना फार वाईट वाटलं. मग 'चोपन्न' हा आकडा आठवला आणि जरा बरं वाटलं.

बदलापूरच्या सोनिवलीत लाईट जाणं ही काही बातमी नव्हे, त्यामुळे एकदा जास्त गेली म्हणून कुणी पोलिसात जात नाही. मेन स्विच होता पॅसेजमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराशी. सात वाजता प्रतिभाताई हॉलमध्ये मालिकेला बसत. साईनाथरावांनी स्विच खाली केला आणि लगेच वर. जास्त वेळ खाली ठेवला असता तर त्या उठून बघायला आल्या असत्या. नुसती गेली-आली झाली की टीव्ही परत सुरू होईपर्यंत त्या वीजवाल्यांचा उद्धार करत तिथेच बसून राहत. इकडे डबीचा दिवा लाल. म्हणजे झोपलेली. हिरवा झाला की जागी.

चोपन्न सेकंद म्हणजे काय चैन असते, हे ज्यानं चोरून खाल्लंय त्यालाच कळेल. साईनाथरावांनी ताटली घेतली. स्टुलावर बसले. बेदाणा शेवटी खाल्ला. तोंड पुसून हॉलमध्ये आले आणि म्हणाले, "काय हे, रोज रोज लाईट!"

हे "रोज रोज" मात्र अंगाशी आलं.

"अरे चेतन," तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवताना प्रतिभाताई म्हणाल्या, "बरोब्बर सातला लाईट जाते बघ. समोरच्या शलाकाकडे जात नाही, आपल्याकडेच जाते."

साईनाथरावांनी कारल्याची भाजी मागून वाढून घेतली. (ही गोष्ट खरं तर कुणाच्याही संशयाला पुरेशी होती.)

"वायरमन फोन उचलत नाहीये," चेतन म्हणाला. "तोपर्यंत मी त्या डबीचा वेळ कमी करतो. चोपन्न म्हणजे लयच झाले."

"कमी कसा करतात रे?" साईनाथरावांनी सहज विचारलं. इतकं सहज, की घास गळ्यात अडकला.

"सोप्पं आहे, पप्पा. छोटासा कॉम्प्युटर आहे तो. उठला की आधी ब्लूटूथ शोधतो, मग स्क्रीन शोधतो. स्क्रीन लावलेलीच नाही! मग वायफायची वाट बघत बसतो. हे सगळं फालतू काम काढून टाकायचं. मेन काम पहिलं, बाकी नंतर."

दुसऱ्या दिवशी चोपन्नचे एकतीस झाले. साईनाथराव हादरले, पण खचले नाहीत. पोराचं ज्ञान बापाच्या कामी आलं पाहिजे. फालतू काम कोणतं? ताटली. काढून टाकली. स्टूल काढून टाकलं. डब्याचं झाकण दुपारीच सैल करून ठेवायला सुरुवात केली, चष्मा हॉलमध्ये ठेवला, आणि बेदाणा शेवटी खायचा हा षोक सोडला. एकतीस सेकंदांत लाडू आरामात बसला.

शनिवारपासून सतरा.

सतरा सेकंदांत बेसनाचा लाडू संपवणं ही माणसाच्या घशाची परीक्षा आहे. तो टाळूला जो चिकटतो तो पाण्यालाही दाद देत नाही. त्या आठवड्यात रोज सात ते सव्वासात साईनाथराव काही बोलले नाहीत. प्रतिभाताईंना वाटलं, मालिका आवडायला लागली. साईनाथरावांना मात्र खात्री पटली की हे सगळं आपल्यासाठीच चाललंय. पोरगा जेवताना आपल्याकडे बघून हसतो का? बायको डबा हलवून का बघते? आणि हे लोक पकडत का नाहीत? पुरावा गोळा करताहेत?

मग गुरुवारी प्रतिभाताईंनी डबा उघडून लाडू मोजले. "सतराच?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या. आणि थोड्या वेळानं फोनवर कुणाला तरी म्हणाल्या, "बनूबाईला उद्यापासून नको येऊस म्हटलंय मी."

साईनाथरावांनी ते ऐकलं. बनूबाई जवळच्या चामटोली गावाहून येऊन त्यांच्याकडे भांडी-लादी करायच्या, नऊ वर्षं. साधी पडलेली टाचणी उचलून टेबलावर ठेवणारी बाई. आपल्या जिभेपायी तिच्यावर आळ! एकतीस वर्षांत एका नटबोल्टसाठीसुद्धा त्यांनी निर्दोष माणसाला अडकवलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. सरळ जाऊन कबूल करावं असंही वाटलं. पण तेवढं धैर्य असतं तर मेन स्विचपर्यंत कशाला गेले असते?

स्टोअरकीपरला एकच उपाय सुचला. स्टॉक भरून काढायचा.

चाळीसातले सतरा उरले, म्हणजे गेले तेवीस. (आपण नक्की किती उचलले याची नोंद त्यांनी ठेवली नव्हती. स्वतःच्या नावाची पावती कोण फाडतं?) बदलापुरात घेतले तर कुणीतरी बघणार, म्हणून शुक्रवारी ते थेट उल्हासनगरला गेले आणि एका सिंधी मिठाईवाल्याकडे बेसनाचे तेवीस लाडू मागितले.

"तेवीस? साईं, चोवीस लो ना," शेठ म्हणाला. "शुगर है तो शुगरफ्री अलग देता हूँ."

"मेरे को खानेका नहीं है," साईनाथराव ताठ मानेनं म्हणाले, "रखनेका है."

शेठनं खोक्यात तेवीस मोजून दिले.

परतायला सात वाजले. लिफ्ट बंद. तीन मजले चढून वर येईतो छाती भात्यासारखी चाललेली. पण मालिका सुरू झाली होती. थांबायला सवड नव्हती. स्विच खाली, स्विच वर. हॉलमधून वीजवाल्यांचा उद्धार ऐकू आला. साईनाथरावांनी डबा उघडला आणि खोक्यातले लाडू भराभर आत टाकायला घेतले. एक, दोन, तीन, चार... सतरा सेकंद आहेत, घाबरायचं नाही... पाच, सहा...

त्यांनी वर पाहिलं. दिवा हिरवा.

भीतीनं त्यांनी मोठा श्वास घेतला आणि छातीनं लांबलचक शिट्टी मारली. हॉलमध्ये प्रतिभाताईंचा फोन वाजला. टिंग. दुसरी शिट्टी. टिंग. तिसरी. टिंग.

"अगं बाई! कुकर कुणी लावला?" असं ओरडत प्रतिभाताई धावत आल्या, मागून चेतन. समोर साईनाथराव, एका हातात मिठाईचं खोकं, दुसऱ्या हातात लाडू.

"बनूबाईला काढू नकोस!" त्यांनी हात वर केले. "लाडू मी खाल्ले. सगळे मी खाल्ले. तुमच्या कॅमेऱ्यात असेलच!"

"कुठला कॅमेरा?" चेतन म्हणाला.

"हा! ह्याचं भोक!"

"पप्पा, तो माईक आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजतो आणि आईच्या फोनवर मेसेज पाठवतो. आईला उजव्या कानानं ऐकू येत नाही, दोनदा डाळ करपली म्हणून लावला." मग त्याची नजर मेन स्विचवर गेली आणि चेहरा बदलला. "म्हणजे लाईट तुम्ही घालवत होता? मी कालपर्यंत जागून चोपन्नचे सहा सेकंद केले, पप्पा! वायरमनच्या घरी जाऊन आलो!"

"तुम्ही चिडवाल म्हणून सांगितलं नाही," प्रतिभाताई पदराशी चाळा करत म्हणाल्या.

साईनाथरावांना भरून आलं. "म्हणजे इतकी वर्षं मी हाक मारतो आणि तू ओ देत नाहीस, ते ऐकू येत नाही म्हणून?"

"उजवीकडून मारलीत तर ऐकू येत नाही."

"आणि डावीकडून?"

"डावीकडून येतं," प्रतिभाताई म्हणाल्या.

साईनाथरावांनी विषय बदलला. "मग बनूबाई?"

"ती भात कापायला गेलीये आठ दिवस. जाताना दहा लाडू मीच दिले तिला." प्रतिभाताईंनी खोक्यात डोकावून बघितलं. "तुम्ही खाल्ले असतील तेरा. हे किती आणलेत?"

साईनाथरावांनी खोक्याचं झाकण लावून टाकलं.

मग प्रतिभाताईंनी उल्हासनगरचा एक लाडू चाखला आणि बेसन नीट भाजलेलं नाही असा निकाल देऊन दुसरा घेतला. चेतननं तीन घेतले, एक ताटली समोर शलाकाकडे गेली. साईनाथरावांसमोर वाटीभर फुटाणे आले. त्यांनी वाटीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि एक खोल सुस्कारा सोडला.

टिंग.

प्रतिभाताईंनी फोन उचलून बघितला आणि तसाच नवऱ्यासमोर धरला. त्यावर लिहिलं होतं, 'चार शिट्ट्या झाल्या. आता गॅस बंद करा.'