पस्तीस ग्रॅमचा डोळा

कॅमेऱ्याचं वजन फक्त पस्तीस ग्रॅम आहे, हे इंजिनिअरसाहेबांनी त्या आठवड्यात घरात इतक्यांदा सांगितलं, की शेवटी बायकोने विचारलं, "जन्मला तेव्हा किती होतं?"

साहेबांना राग आला नाही. बापाला येतो कुठे? यंत्राच्या हाताच्या मनगटावर बसून, वीतभर अंतरावरून वस्तू किती लांब, किती खोल आहे ते मापणारा हा कॅमेरा घडवायला तीन वर्षं गेली होती. आधीच्या जड कॅमेऱ्याने हात म्हाताऱ्यासारखा थरथरायचा. हा कॅमेरा मनगटावर बसलाय, याचा हाताला पत्ताही नसे.

आज एका कारखान्याचे मालक तो बघायला येणार होते. पण साहेबांचा जीव अडकला होता दुसऱ्याच पाहुण्यात. सासरेबुवा. चाळीस वर्षं कारखान्यात लेथ मशीन चालवलेला हा माणूस बारा वर्षांत जावयाला एकदाही 'बरं केलंत' म्हणाला नव्हता.

"बाबा, हा हात ट्रेमधली बोटाएवढी एकेक पिन उचलून साच्यात बसवतो. आपला आपण."

"आमच्या खात्यात एक आंधळा होता, तोही बसवायचा."

आजवरच्या सगळ्या चाचण्या भंगारातल्या तेलकट, मळक्या पिनांवर झाल्या होत्या. असल्या कळकट पिना पाहुण्यांपुढे कशा मांडायच्या? म्हणून साहेबांनी सकाळीच बाह्या सरसावून बावीस पिनांना असं पॉलिश केलं, की एकेकीत बघून दाढी करावी.

मालक आले, ट्रेच्या काठावर हात टेकून वाकले. बटण दाबलं गेलं. यंत्राचा हात ऐटीत ट्रेवर आला आणि चष्मा हरवलेल्या आजोबांसारखा घुटमळत राहिला. पडद्यावर ट्रे दिसत होता, काठ दिसत होता. पिनांच्या जागी मात्र नुसती काळी भोकं. पिनेच्या मापाची एकच वस्तू कॅमेऱ्याला स्वच्छ दिसली. मालकांचा अंगठा. पंजाने तो अलगद धरला आणि साच्याकडे न्यायला घेतला.

"सोडेल ना हा?" मालकांनी विचारलं.

"साच्यात बसला की सोडतो," साहेब बोलून गेले आणि लाल बटणावर जवळजवळ आडवे पडले.

अंगठा सुटला. सासरेबुवांनी एक पिन उजेडात धरली.

"जावईबापू, पॉलिश केलंत?"

"हो."

"तरीच. उजेड भलतीकडेच उडतो हिच्यावरून, डोळ्यापर्यंत येतच नाही. चकचकीत मालावर आम्हालासुद्धा मापाची रेघ दिसायची नाही. खडू चोळायचो."

त्यांनी भिंतीवरच्या फळ्याखालचा खडू घेतला, बावीस पिनांवर चोळला आणि हात झटकले. पुन्हा बटण दाबलं. हाताने एकेक पिन उचलली, साच्यात बसवली. बावीसच्या बावीस, एकही न चुकता.

"असे सहा हात पाठवा," मालक अंगठा चोळत म्हणाले. साहेबांची छाती फुगली. मालकांनी सासरेबुवांकडे बोट केलं. "आणि पहिला महिना बरोबर यांनाही पाठवा."

संध्याकाळी सासरेबुवा जुन्या मित्राशी फोनवर बोलत होते. साहेब दाराआड थबकले.

"जावई हुशार आहे रे. एकदा सांगितलं की कळतं त्याला. माझ्या हाताखाली तयार होतोय."

बारा वर्षांतली पहिलीच शाबासकी होती. साहेबांनी ती फार खोलात न शिरता ठेवून घेतली.